अठरा महिने, तेरा मुखपृष्ठे: फॅशन मासिकाच्या वर्गणीचा वापरानंतरचा अनुभव

नाशिकमध्ये माझे ब्लाउज आणि लग्नसमारंभाचे कपडे शिवून देण्याचे लहानसे दुकान आहे. दीड वर्षापूर्वी मी दुकानासाठी एका इंग्रजी फॅशन मासिकाची छापील वर्गणी घेतली. मासिकाचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते त्या एका मासिकापुरते नाही आणि सगळ्या तक्रारींचा भार एकट्या त्याच्यावर टाकणे न्याय्य होणार नाही. वर्गणी घेण्यामागे दोन हेतू होते. मापे देण्यासाठी थांबलेल्या ग्राहकांना चाळायला काहीतरी चांगले मिळावे हा एक, आणि वर्षानुवर्षे त्याच त्या पाच-सहा गळ्यांच्या नमुन्यांत अडकलेल्या आमच्या नजरेला नवे काही दिसावे हा दुसरा. या काळात माझ्याकडे तेरा अंक आले. काही जोडअंक असल्यामुळे महिने अठरा आणि अंक तेरा असा हा हिशेब आहे.

वस्तू म्हणून अंक कसा आहे ते आधी सांगते. कागद जाड आणि गुळगुळीत आहे, रंग स्वच्छ उतरतात आणि बांधणी इतकी पक्की आहे की दुकानात रोज हाताळूनही एकही पान निखळलेले नाही. मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन असते; ते दिसायला सुंदर असले तरी शिवणकामाच्या दुकानात त्यावर खडूचे आणि मशीनच्या तेलाचे बोट लगेच उमटते आणि सहजी पुसले जात नाही, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. दोन अंकांचे कोपरे येतानाच दुमडलेले होते, तर एक अंक आलाच नाही आणि तक्रारीनंतर तीन आठवड्यांनी त्याची दुसरी प्रत मिळाली. आतला मजकूर मला बहुतेक वेळा आवडला. हातमागावरचे आणि नैसर्गिक रंगाईवरचे लेख तर मी आमच्याकडे कटिंग करणाऱ्या मास्तरांना दुपारच्या वेळी मराठीत समजावून सांगते. मात्र या अठरा महिन्यांत मासिकाने जो आनंद दिला आणि जी निराशा दिली, ती दोन्ही मुख्यतः मुखपृष्ठामुळे, म्हणून त्याबद्दलच सविस्तर लिहिते.

ट्रायल रूमच्या शेजारच्या भिंतीवर मी एक लाकडी फळी ठोकून घेतली आणि प्रत्येक अंक मुखपृष्ठ समोर येईल असा तिच्यावर उभा ठेवू लागले. पाचवा अंक आला त्या दिवशी आमच्या नेहमीच्या ग्राहकांपैकी एक मुलगी फॉल-पिकोसाठी साडी घेऊन आली, तिने फळीकडे पाहिले आणि म्हणाली, "ताई, हा मी मागच्या वेळी पाहिला होता." अंक त्याच सकाळी पाकिटातून काढला होता. मी तो तिच्या हातात दिला, तेव्हा तिने आधीच्या महिन्याचा अंक शेजारी धरून पाहिला आणि दोन्ही अभिनेत्री वेगळ्या आहेत हे तिला नावे वाचल्यावर कळले. त्या मुलीची यात काहीच चूक नव्हती. गेल्या महिन्यात मी तेराही अंक कटिंगच्या टेबलावर ओळीने मांडले, तेव्हा त्यांतील दहांवर चित्रपटांतील अभिनेत्री निघाल्या, आणि त्या दहांपैकी बहुतेक ठिकाणी मांडणी एकच होती: कमरेपर्यंतचे छायाचित्र, मागे सपाट रंगाचा पडदा, एक हात कमरेवर, ओठ किंचित विलग, नजर थेट पाहणाऱ्याकडे आणि दोन्ही बाजूंना मथळ्यांच्या रांगा.

अशा मुखपृष्ठाकडे पाहून ग्राहक काय विचारतात, हे मी दीड वर्ष कान देऊन ऐकले आहे. त्या विचारतात की हिचा नवा सिनेमा कधी येणार, हिचे लग्न झाले का, ही पूर्वी जाड होती ना. कपड्याबद्दल त्या जवळजवळ कधीच विचारत नाहीत. माझ्या दुकानात येणाऱ्या बायकांना कपड्यातले कळत नाही असे कोणी समजू नये. येवल्याची पैठणी हातात घेतली की पदर उलटा करून मागचे धागे पाहणाऱ्या या बायका आहेत. त्या कपड्याबद्दल विचारत नाहीत, कारण त्या छायाचित्रात कपड्याला विचारण्याजोगे स्थानच दिलेले नसते. फॅशनच्या मासिकाच्या दर्शनी पानावर फॅशनच मागे पडावी, ही माझ्या दृष्टीने दहा-बारा अंकांमागची सर्वांत मोठी उणीव आहे.

याहून अवघड अनुभव गेल्या लग्नसराईत आला. एका वधूने मुखपृष्ठाचे छायाचित्र मोबाइलवर काढून आणले आणि अगदी तसाच ब्लाउज मागितला. अभिनेत्रीचा उजवा हात डोक्याच्या वर उचललेला होता, बाही घट्ट होती, आणि तरीही मुंढ्यापाशी, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तिथे, एकही चुणी नव्हती, छातीवर कापड वर ओढले गेले नव्हते, कडेची शिवणही दिसत नव्हती. मास्तरांनी चाळीस वर्षे ब्लाउज कापले आहेत. त्यांनी छापील अंक खिडकीजवळ उजेडात नेला, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "ताई, हा मुंढा फोटोतला आहे, कपड्यातला नाही." हात वर गेला की मुंढ्याचे कापड ताणले जाणारच, ते टाळायचे तर बगलेत चौकोनी तुकडा घालावा लागतो किंवा बाही सैल ठेवावी लागते. येथे दोन्ही केलेले नव्हते. चुणी संगणकावर पुसली होती आणि तिच्याबरोबर शिवणही पुसली गेली होती. शूटिंगच्या वेळी मागून चिमटे लावून कपडा अंगाबरोबर बसवतात, हे आम्हा शिवणाऱ्यांना ठाऊक असते, आणि तेवढ्याबद्दल माझी तक्रारही नाही. परंतु त्या वधूला मी तीन ट्रायल दिल्या आणि तिसऱ्या वेळीही ती आरशात हात उचलून, आपल्याच शरीरात काही खोट असावी अशा चेहऱ्याने पाहत राहिली, तेव्हा मला फार वाईट वाटले. सावधपणाने केलेले मुखपृष्ठ निरुपद्रवी असते असे मी पूर्वी समजत असे. आता तसे समजत नाही.

या तेरांत एकच मुखपृष्ठ निराळे आले. त्यावर पाठमोरी बसलेली एक स्त्री होती, चेहरा अजिबात दिसत नव्हता, आणि पानाचा जवळजवळ अर्धा भाग तिच्या ब्लाउजच्या पाठीने व्यापलेला होता. कापड साधे, बिनरंगाचे, हातमागाचे. उघडी राहिलेली काजे, थोडी वाकडी गेलेली हाताची टीप, मानेपाशी घामाने चिकटलेला केस हे सारे तसेच ठेवलेले होते, आणि मासिकाच्या नावाची दोन अक्षरे तिच्या अंबाड्यामागे झाकली गेली होती. मथळा एकही नव्हता. त्या अंकाबद्दल मला तीन महिने प्रश्न येत राहिले. हे कापड कुठे मिळते, ही काजे मशीनची की हाताची, मागे बटणे असलेला ब्लाउज आपला आपण घालता येतो का, असे ते प्रश्न होते. साठीच्या पुढच्या एका काकूंनी सांगितले की त्यांच्या आईचे ब्लाउज असेच मागे बटणांचे असत आणि शाळेत जाण्यापूर्वी ती बटणे लावून देणे हे त्यांचे काम असे. मासिक चालवणाऱ्यांनी हा एक अंक काढताना काय विचार केला असेल ते मला कळण्याचा मार्ग नाही. माझ्या फळीसमोर मात्र त्या मुखपृष्ठाने जे काम केले, ते उरलेल्या बारांनी मिळून केले नाही.

त्यानंतर मी जुनी मुखपृष्ठे शोधून पाहू लागले आणि लक्षात आले की हे धाडस या व्यवसायाला परके नाही. उलट या व्यवसायाचा मोठेपणाच त्यावर उभा राहिलेला आहे. व्होग हे फॅशन नियतकालिक 1892 साली अमेरिकेत सुरू झाले आणि पुढची चाळीस वर्षे त्याच्या मुखपृष्ठावर चित्रकारांचेच राज्य होते. 1932 च्या जुलैमध्ये छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांचे रंगीत छायाचित्र तेथे छापले गेले, तेव्हा तेच मोठे धाडस होते. हार्पर्स बाझार या दुसऱ्या अमेरिकी फॅशन मासिकासाठी एर्ते या चित्रकाराने 1915 ते 1936 या काळात दोनशेहून अधिक मुखपृष्ठे रंगवली. 1950 च्या जानेवारीत छायाचित्रकार अर्विन ब्लूमेनफेल्ड यांनी व्होगच्या मुखपृष्ठावर स्त्रीचा सगळा चेहरा पांढऱ्यात विरघळवून फक्त एक डोळा, ओठ आणि एक तीळ एवढेच शिल्लक ठेवले. पंच्याहत्तर वर्षांनंतरही ते पान आजचे वाटते. 1965 च्या एप्रिलमधल्या हार्पर्स बाझारवर रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांनी टिपलेली मॉडेल जीन श्रिम्प्टन अंतराळवीरासारख्या भडक गुलाबी शिरस्त्राणात आहे, आणि काही प्रतींवर तिच्या डोळ्याच्या जागी अशी प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली होती की अंक हलवला की डोळा मिचकावल्यासारखा दिसे. पट्टी चिकटवण्याचा खर्च आणि खटाटोप कोणीतरी मान्य केला होता, ही गोष्ट मला त्या चित्राइतकीच महत्त्वाची वाटते.

शिवणकाम करणारीला सर्वांत जवळचे वाटेल ते उदाहरण 1988 च्या नोव्हेंबरचे आहे. अमेरिकी व्होगच्या संपादकपदी आल्यावर अ‍ॅना विंटूर यांचा तो पहिला अंक. पीटर लिंडबर्ग यांच्या छायाचित्रात मिकाएला बेर्कू ही मॉडेल फ्रेंच डिझायनर ख्रिस्तियाँ लाक्रवा यांचे रत्नजडित क्रूस असलेले, हजारो डॉलरचे जाकीट घालून रस्त्यावर उभी आहे आणि खाली साधी, धुऊन फिकी पडलेली जीन्स आहे. नजर कॅमेऱ्याकडे नाही, केस वाऱ्याने उडालेले आहेत, पोटाची थोडी त्वचा दिसते आहे. जाकिटाबरोबरचा स्कर्ट तिला बसला नाही म्हणून जीन्स घातली गेली, असे विंटूर यांनीच पुढे लिहिले आहे, आणि छापखान्यातून फोन आला होता की हे मुखपृष्ठ चुकून तर आलेले नाही ना. स्कर्ट न बसणे ही आमच्या धंद्यातली रोजची अडचण आहे. त्या दिवशी चिमटे लावून, पुसून, झाकून वेळ मारून नेता आली असती. त्याऐवजी जे समोर होते तेच खरे मानून छापले गेले, आणि महागाचे स्वस्ताबरोबर घालण्याची जी रीत आज आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडवरही सहज दिसते, तिला एका प्रतिष्ठित मासिकाची मान्यता मिळाली.

धाडसाने खप बुडतो, अशी भीती नेहमी घातली जाते. ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. स्टॉलवर पंचवीस मासिकांच्या गर्दीत ओळखीचा चेहरा लवकर उचलला जातो, हे माझ्या ग्राहकांकडे पाहूनही पटते, आणि जाहिरातदाराला आपला पैसा कुठे जातो याची काळजी असणे स्वाभाविक आहे. तरीही 2008 च्या जुलैमध्ये व्होग इटालियाच्या संपादक फ्रांका सोत्झानी यांनी स्टीव्हन मायझेल यांच्या कॅमेऱ्यातून केवळ कृष्णवर्णीय मॉडेल्सचा अंक काढला, तेव्हा तो पुन्हा छापावा लागला होता. शिवाय मी वर्गणीदार आहे. माझे पैसे अंक छापण्यापूर्वीच जमा झालेले असतात. मला स्टॉलवरून ओढून घेण्याची गरज उरलेली नसते. मग निदान वर्गणीदारांच्या प्रतीवर तरी मथळ्यांची गर्दी का असावी? काही परदेशी मासिकांनी वर्गणीदारांसाठी जवळजवळ मथळेविरहित असे वेगळे मुखपृष्ठ काढलेले आहे, म्हणजे हे छपाईच्या दृष्टीने अशक्य नाही. आणि आता बहुतेकांना मुखपृष्ठ प्रथम दिसते ते मोबाइलवर, अंगठ्याच्या नखाएवढे. त्या आकारात दहा देखणे चेहरे एकसारखेच दिसतात आणि बोट पुढे सरकते. जुन्या हिशेबाने जे सुरक्षित होते ते आता सर्वांत आधी नजरेआड होते.

अर्थात, दचकवणारे ते सारे धाडस असे मी मानत नाही. 2020 मध्ये व्होग पोर्तुगालने 'वेडेपणा' हा विषय घेऊन मनोरुग्णालयातल्या न्हाणीघराचे दृश्य मुखपृष्ठावर घेतले, त्यावर मोठी टीका झाली आणि ते मुखपृष्ठ मागे घ्यावे लागले. दुसऱ्याच्या यातनेचा पोशाखाच्या मागे पडद्यासारखा वापर करणे यात कलेची जोखीम नाही. तिथे त्रास सोसावा लागतो तो आजारी माणसाला. 2021 च्या फेब्रुवारीतील अमेरिकी व्होगवरील कमला हॅरिस यांच्या मुखपृष्ठावरूनही असाच वाद झाला. कॅनव्हासच्या बुटांतले, अनौपचारिक छायाचित्र छापील अंकासाठी निवडले गेले, निळ्या सूटमधले दुसरे डिजिटल अंकासाठी ठेवले गेले आणि नंतर ते निळे छायाचित्रही मर्यादित प्रतींत छापण्यात आले. तेथे माझे मत थोडे वेगळे आहे. मला बूट खटकले नाहीत. खटकला तो मागचा पडदा, ज्याच्या चुण्या कोणी हाताने सारख्या करून ठेवल्यासारख्या वाटत नाहीत. साधेपणा दाखवायचा तर त्यालाही तितकीच निगुतीची शिवण लागते, हे मी दुकानात रोज अनुभवते.

याउलट व्होग इटालियाच्या 2020 च्या दोन अंकांकडे मी पुन्हा पुन्हा वळते. जानेवारीच्या अंकात छायाचित्रे घेतलीच नाहीत. मुखपृष्ठे चित्रकारांकडून करवून घेतली, कारण एका मोठ्या अंकाच्या छायाचित्रणासाठी दीडशे माणसे आणि वीसेक विमानप्रवास लागल्याचा हिशेब संपादकांनी वाचकांपुढे उघड मांडला होता. एप्रिलमध्ये, महासाथीने इटलीत थैमान घातले असताना, मुखपृष्ठ कोरे पांढरे ठेवले. दोन्ही वेळा न दाखवण्यामागे कारण होते आणि ते कारण वाचणाऱ्याला सांगितलेले होते. पहिला अंक आमच्यासारख्या मराठी वाचकांना तर नवा वाटण्याचे कारणच नाही, कारण आपण दिवाळी अंकांच्या चित्रित मुखपृष्ठांवर वाढलो आहोत. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोमंतकीय, यांनी रंगवलेल्या स्त्रियांच्या साड्यांचे काठ, चोळ्यांचे कट आणि दागिन्यांची घडण पाहून माझ्या आईच्या पिढीतल्या शिंप्यांनी कापड कापले आहे. 1951 साली सुरू झालेल्या 'आवाज'ने तर मुखपृष्ठालाच खिडकी कापली आणि पान उलटेपर्यंत वाचकाला भलतेच काही दिसत असल्याचा भास दिला. घरातला तो अंक पाहुण्यांच्या हाती लागू नये म्हणून कपाटावर ठेवलेला मला आठवतो, आणि तरीही तो दर दिवाळीला विकत घेतला जात होता, हेही आठवते.

माझ्या मनातल्या धाडसाचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे व्होग फिलिपिन्सचा 2023 च्या एप्रिलचा अंक. त्यावर आपो व्हांग-ओड आहेत, फिलिपिन्सच्या कलिंगा प्रांतात पारंपरिक पद्धतीने गोंदण करणाऱ्या, तेव्हा 106 वर्षांच्या. चेहऱ्यावरची एकही सुरकुती पुसलेली नाही, खांद्यांवरचे आणि दंडांवरचे गोंदण त्वचेबरोबर सैल पडले आहे आणि ओठांना लाल रंग लावलेला आहे. मी त्याची रंगीत प्रत काढून फळीवर ठेवली. आमच्याकडे हेमिंगला येणाऱ्या आजींच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेले आहे, त्या काही वेळ त्या पानासमोर उभ्या राहिल्या, मग आपली बाही कोपरापर्यंत वर करून त्यांनी हात छायाचित्राशेजारी धरला आणि मला म्हणाल्या, "माझं बारक्या सुईचं आहे, हिचं जाड आहे." दीड वर्षात कोणत्याही मुखपृष्ठाशी कोणी असे बरोबरीने बोललेले मी ऐकले नव्हते.

ज्यांना वर्गणी घ्यायची आहे त्यांच्यासाठी इतके सांगेन की शिवणकाम शिकणाऱ्या मुलींना आतल्या लेखांचा उपयोग नक्की होतो, फक्त मुखपृष्ठावरचे माप खरे धरून कापड कापू नये. केवळ ग्राहकांच्या करमणुकीसाठी घेणार असाल तर चार-सहा सुटे अंक पुरेसे आहेत. मी स्वतः वर्गणी पुन्हा भरली आहे, पण वर्षाऐवजी सहा महिन्यांचीच, आणि वर्गणीच्या अर्जातील अभिप्रायाच्या रकान्यात त्या पाठमोऱ्या मुखपृष्ठाचा महिना लिहून, असे आणखी अंक काढावेत आणि शिवण पुसू नये, एवढी विनंती केली आहे. उत्तर अजून आलेले नाही. त्या ब्लाउजचा मास्तरांनी छायाचित्रावरून काढलेला कागदी खाका टेबलाखालच्या खणात आहे. या लग्नसराईत त्यावरून आम्ही सात ब्लाउज शिवले, सातही मागच्या बटणांचे, आणि काजे हाताचीच.